निकालाआधी बनलेली पाटी

मी एक पाटी बोलतेय. लेकरांच्या दप्तरातली नव्हे हं! साहेबांच्या दारावर लागते ती; सागवानी फळी आणि वर पितळी अक्षरं. माझा जन्म अंबाजोगाईला पंडित मिस्त्रींच्या दुकानात झाला, आणि जन्मापासूनच मी जरा तोऱ्यात असायची.

मला बनवायला टाकलं भगवानरावांनी. शिरूर कासार तालुक्यातल्या एका गावचे हे माजी सरपंच. त्यांची मुलगी रोहिणी मोठ्या सरकारी परीक्षेची मुलाखत देऊन आली होती. निकालाला अजून महिना होता.

"निकाल तर लागू द्या," पंडित म्हणाले.

"लागल्यात जमा हाय. तू अक्षरं मोठी काढ."

आमच्याकडे हे असंच. निकालाआधी फटाके आणून ठेवतात, फ्लेक्सवाल्याकडे फोटो देऊन ठेवतात. माझ्यावर वर रोहिणीचं नाव आलं, आणि खाली नावाच्या दुप्पट अक्षरांत हुद्दा : उपजिल्हाधिकारी. मला तर आकाश ठेंगणं झालं.

निकाल लागला. रोहिणी थोडक्यात राहिली. मला जुन्या धोतरात गुंडाळून कपाटामागे ढकललं गेलं.

जनावरांच्या डॉक्टरकीची पदविका रोहिणीकडे आधीपासून होती. ती जवळच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून रुजू झाली. "पोरगी काय करती?" असं कुणी विचारलं की भगवानराव म्हणायचे, "तयारी चालू हाय." नोकरीचं नाव काढायचे नाहीत. रोहिणी मात्र अंगाला शेणाचा वास घेऊन घरी यायची आणि आज कुठली शेळी कशी उठून उभी राहिली ते जेवताना रंगवून सांगायची. कपाटामागे मी धुसफुसायची. माझ्यासारखी पाटी घरात असताना हिला शेळ्यांचं कसलं कौतुक!

एकदा तिला फळी हवी होती, शोधताना मी सापडले. माझ्यावरची अक्षरं वाचून ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

"आप्पा, ही कवा केलती?"

भगवानराव ओशाळले. "ठिव तिथंच. पुढच्या साली लागंल दारावर."

तिनं ठेवलं नाही. माझ्या पाठीला काळा रंग दिला आणि मला दवाखान्याच्या दाराशी टांगलं. तोंड भिंतीकडे, पाठ लोकांकडे! केवढा हा अपमान! पाठीवर ती खडूनं लिहायची, कुठल्या दिवशी कुठल्या वस्तीवर लस ते. सगळ्यांनाच वाचता येत नाही म्हणून चित्रही काढायची. मेंढ्यांची लस असली की मेंढी, शेळ्यांची असली की शेळी. पण चित्रकलेच्या नावानं आनंदच होता.

"ताई, हे मेंढरू हाय का मांजर?" मेंढपाळांच्या मुक्ताबाई दर वेळी विचारायच्या आणि सारं अंगण हसायचं. म्हाताऱ्या बाया जवळ येऊन चित्रावर बोट ठेवायच्या, बोटांवर दिवस मोजायच्या. साहेबाच्या दारावरच्या पाटीला कोण असा हात लावतं? हळूहळू मलाही तिथं करमायला लागलं.

मग पुढच्या परीक्षेची जाहिरात आली. एका सकाळी भगवानराव कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून दवाखान्यात हजर झाले.

"ती पाटी काढ आन् राजीनामा दे. पुण्याला जाऊन नीट अभ्यास कर. आमाला मान खाली घालाया कावून लावती?"

रोहिणीनं हातातला खडू खाली ठेवला. बापाचा शब्द तिनं कधी मोडला नव्हता. मी घाबरले. गंमत बघा, ज्या दारासाठी माझा जन्म झाला, तिथंच जायची मला भीती वाटत होती.

तेवढ्यात मुक्ताबाई मेंढी उचलून धापा टाकत आल्या. मेंढी अडली होती. रोहिणीनं हात धुतले, बाह्या वर केल्या. पोटातल्या कोकराचा एक पाय मागे दुमडला होता.

"आप्पा, मेंढी धरा. घट्ट!"

माजी सरपंच मातीत गुडघे टेकून बसले. मुक्ताबाई बिरोबाचा धावा करत होत्या. रोहिणीनं हळूहळू पाय सरळ केला आणि कोकरू बाहेर आलं. ओलं, निपचित. तिनं त्याचं नाक-तोंड पुसलं, नाकपुडीत गवताची काडी फिरवली. कोकरू शिंकलं! आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं असेल? भगवानराव. "जगलं! जगलं!"

मुक्ताबाईंनी कमरेच्या पिशवीतला भंडारा काढला. ती पिवळीधमक हळद रोहिणीच्या कपाळी लागली, भगवानरावांच्या कपाळी लागली, माझ्याही पाठीला लागली. मग त्यांनी विचारलं, "दादा, तुमी ताईचे कोण?"

भगवानरावांनी लेकीकडे पाहिलं. ती कोकराला दूध पाजायला मेंढीजवळ धरत होती. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"म्या? म्या बाप हाय तिचा," ते म्हणाले. मग फाटकापाशी उभ्या असलेल्या लोकांनाही ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले, "म्या बाप हाय तिचा!"

राजीनाम्याचा विषय तिथंच संपला. मला मात्र त्यांनी अंबाजोगाईला नेलं. पंडितांनी हुद्द्याची अक्षरं उपसून काढली आणि विचारलं, "आता हितं काय बसवू? पशुधन पर्यवेक्षक?"

"कायबी नको. लोक नावानं येत्यात तिच्याकडं."

आता मी दवाखान्याच्या दारात साखळीला टांगलेली असते. एकीकडे नुसतं नाव आणि खाली खिळ्यांची भोकं, दुसरीकडे खडू. वारा आला की मजेत गिरकी घेते. तुमच्याही घरात लेकरासाठी अशी एखादी पाटी आधीच बनवून ठेवली असेल, तर रागावू नका, पण एकदा ती उलटून बघा. मागे लई जागा असते.

आज रोहिणी घाईत होती, म्हणून उद्याच्या लसीचं चित्र भगवानरावांनी काढलं. मुक्ताबाई केव्हाच्या माझ्यासमोर मान तिरकी करून उभ्या आहेत.

"दादा," त्या म्हणतात, "ताईचं मांजर बरं हुतं."