धूळ वगळून

धाकटा भाऊ दुकानाच्या दारातूनच ओरडला, "ताई, हे तुझं लाडकं लांबचं बघायला तयार नाही. चष्मा लाव त्याला!"

लेझरने अंतर मोजायचं यंत्र होतं ते. डोळ्याला लावायचं, नेम धरायचा, बटण दाबायचं. किरण जाऊन आपटतो, परत येतो आणि आत आकडा दिसतो. भाऊ दगडाच्या खाणीत मोजणीदार. खाणीच्या अलीकडच्या काठावर एक टपरी होती. रोज सकाळी तिथून पलीकडच्या उंच कड्यावर रंगवलेल्या खुणांची अंतरं घ्यायची, हे त्याचं काम. आकडा बदलला म्हणजे कडा हलला, आणि कडा हलला की खालची माणसं वर. सलग तीन दिवस आकडाच मिळाला नाही, तरी कड्याखालचं काम बंद, असा तिथला नियम.

"दोन दिवस झाले," तो म्हणाला. "जवळचं काहीही चोख येतं. कड्यावरच्या खुणा घ्यायला गेलं की कधी नुसत्या रेघा, कधी साडेतीनशे, कधी चारशे. अगं, कडा नऊशे बारा मीटरवर आहे! उद्या आकडा दिला नाही तर काम थांबेल, आणि मुकादम मला कच्चा खाईल."

"मग दोन दिवस काय अंडी उबवत होतास?"

दुकान मूळ आमच्या बाबांचं. त्यांची एक खोड होती. यंत्र उघडण्याआधी ते जिथे वापरतात तिथे जाऊन उभं राहायचं, त्यातून स्वतः बघायचं, मगच स्क्रू ड्रायव्हरला हात लावायचा. लोक हसायचे. मीही हसायचे. खाण पाऊण तासाच्या वाटेवर, आणि माझ्यासमोर चार यंत्रं पोट उघडून पडलेली. कोण जातंय एवढ्या लांब!

पुढच्या काचेवर पिठासारखा पांढरा थर होता. भावाच्या नावाने बोटं मोडत तो पुसला. बॅटरी नवी घातली, कारण ती दमली की किरण लांब पोचत नाही. भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम तपासला, तोही सरकलेला नव्हता. मग यंत्र तिपाईवर बसवून गच्चीत नेलं आणि दूरच्या पाण्याच्या टाकीवर धरलं. आठशे चाळीस. दहा वेळा बटण दाबलं, दहाही वेळा आठशे चाळीस.

"यंत्र ठणठणीत आहे," मी म्हटलं. "तुमच्याकडे धूळ आहे. किरण धुळीला आपटून अर्ध्या वाटेतून परततो आणि यंत्राला वाटतं, आला कडा."

"खाणीत धूळ नाही तर काय अत्तर असणार? पण आजपर्यंत कधी असं..."

"आजपर्यंत, आजपर्यंत! मला शिकवू नकोस."

या यंत्रात दोन सोयी असतात. एकीत ते सगळ्यांत आधी परतलेला किरण धरतं. दुसरीत सगळ्यांत शेवटी आलेला, म्हणजे मधलं धुकं, पाऊस, धूळ सोडून मागे जे घट्ट आहे ते दाखवतं. मी दुसरी लावून दिली. वहीत लिहिलं, 'धूळ वगळून चालवणे. दोष काही नाही.' स्वतःवर बेहद्द खूश झाले होते मी, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या सकाळी त्याचा फोन आला. "नऊशे बारा! केसाचाही फरक नाही. मुकादमाने स्वतःहून चहा पाजला, म्हणजे बघ!"

त्यानंतर तीन दिवसांनी, दुपारी, मी कपडे धुवायला काढले. घरात आम्ही दोघंच. त्याचा शर्ट झटकला तर तोंडावर पांढरा लोट आला. खोकत खोकतच फोन लावला.

"सुरुंग उडवताना जरा लांब उभं राहायला काय होतं रे तुला? शर्ट आहे की पिठाची पिशवी?"

"कसले सुरुंग? दहा दिवस झाले, सुरुंगाचा माल आलाच नाही. खडीचं यंत्रही बंद आहे. नुसते कड्याखालचे सुटे दगड भरतायत."

"मग धूळ कुठून येते?"

"वरून," तो सहज म्हणाला. "कड्याच्या माथ्यावरून. चाळणीतून पडावी तशी सारखी उतरत असते. वारा असेल."

खिडकीबाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. खुणा सगळ्या कड्याच्या मधल्या पायऱ्यांवर होत्या, माथ्यावर एकही नव्हती. तिथे आत दगडावर दगड घासत होता, त्याचं पीठ पडत होतं. यंत्र बिचारं तेच सांगत होतं, आणि मी त्याचं तोंड बंद करून शाबासकी घेतली होती.

"सगळ्यांना वर काढ," मी म्हटलं. "आत्ता. मुकादम गेला खड्ड्यात."

"अगं पण आकडा..."

"आकड्याला आग लाव! धूळ कड्यातून येतेय, कडा फाटतोय वरून!"

तो म्हणाला, "बरं. सांगतो त्यांना."

मी गाडी काढली. वाटेत मुकादमाला फोन केला. "बाई, चार दिवसांपूर्वी यंत्र तुम्हीच ठीक करून दिलंत ना?" एवढं बोलून त्याने फोन ठेवला. रस्ता संपता संपेना.

टपरी रिकामी होती, यंत्र तिपाईवर. खाली कड्याच्या पायथ्याशी पिवळी शिरस्त्राणं दिसत होती. मी भावाला फोन लावला.

"दोघांना वर पाठवलं," तो धापा टाकत म्हणाला. "बाकीचे चौघं हसतायत. म्हणतात, तुझ्या बहिणीच्या यंत्रावर आमचा भरवसा आहे. थांब, घेऊन येतो त्यांना."

"तू आधी वर ये!"

"असं कसं ताई? आकडे मीच दिलेत ना त्यांना."

मी पहिल्यांदाच त्या जागेवरून डोळा लावला. नऊशे बारा. सोय फिरवून पहिली केली आणि बटण दाबलं. सातशे. पुन्हा दाबलं. साडेसहाशे. सहाशे दहा. काहीतरी माझ्याकडे चालत येत होतं, आणि अजून आवाज कसलाच नव्हता.

"ताई, किती दाखवतंय?"

"पळ!" मी किंचाळले. "पळ रे, सोन्या, पळ!"

मग आवाज आला. आधी पायांतून, नंतर कानांतून. फोनमध्ये तो कुणाला तरी हाक मारत होता, "अहो, टाका ते, चला!" माझं बोट बटणावरून हटेना. चारशे. दोनशे साठ. नव्वद. मग टपरीतच अंधार झाला.

दोघं वाचले, ज्यांना त्याने आधी वर पाठवलं होतं ते.

चौकशीला आलेल्या साहेबांनी दुकानातली वही मागून घेतली, पान शोधलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "इथे तर तुम्ही 'दोष काही नाही' असं लिहिलंय."

"हो," मी म्हटलं. "यंत्रात नव्हता."