दत्तराव गुरुजींची हॅट

"अप्पा, थांबा. ती हॅट जरा काढा बरं."

मन्मथअप्पांनी वळून पाहिलं. रस्त्याकडेच्या घराच्या दारात कुसुमबाई उभ्या होत्या. त्यांचे यजमान दत्तराव गुरुजी पेडगावच्या शाळेतून निवृत्त होऊन इथे पूर्णेला मुलाकडे राहायला आले होते. अप्पांची त्यांची ओळख जाता-येता नमस्कारापुरती. गुरुजींना जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवून झाल्यावर अप्पांनी मशीन बंद केलं आणि त्यांना जुन्या टोप्यांचं वेड लागलं. घरात गोंड्याची रुमी टोपी होती, जरीची होती, कुण्या ओव्हरसियरची भेंडाची सोला हॅट होती. अशा बावीस. रोज सकाळी एक डोक्यावर चढवायची आणि स्टेशनपर्यंत फिरून यायचं. त्यांच्या पत्नी नीलम्मा दारातून विचारायच्या, "आज कुणाचं डोकं घेऊन चाल्लात?"

आजची करडी फेल्ट हॅट मात्र त्यांचा जीव की प्राण. महिन्यापूर्वी जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या भांडेवालीच्या गाठोड्यात दिसली, आणि अप्पांनी तिच्याबदल्यात स्वतःचा लग्नातला कोट देऊन टाकला. नीलम्मा दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि त्यांचं काही चुकलंही नव्हतं. महिनाभर खपून अप्पांनी हॅट नवी केली होती. आज ती पहिल्यांदा रस्त्यावर आली होती.

कुसुमबाईंनी हॅट हातात घेतली, कडेवरून बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं.

"हितंच. विहारात वंदनेला बसताना काढून मांडीवर ठेवायचे. एकदा मेणबत्ती कलंडली अन् पोळली. शाळा सुटली तशी हॅटबी कपाटात गेली. सुनंनं कपाट आवरलं, कोटाबरुबर ही पण दिली. तिला काय म्हाईत! महिना झाला, मी त्या भांडेवालीची वाट बघायले."

त्या जागी बारीक रफू अप्पांनीच केलं होतं. अशा हॅटी पुष्कळ असतात बाई, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. ते जिभेवर आलंही होतं.

"तुमचीच हाय, बाई. ठेवा," अप्पा म्हणाले. म्हणताना त्यांना फार वाईट वाटलं.

कुसुमबाईंनी हॅट नाकाशी नेली. खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग त्यांचा चेहरा उतरला.

"धुतली का तुमी?"

"धुतली न्हाई, बाई. आत तेलाचे डाग होते लय, ते पावडर लावून काढले. घामाची कातडी पट्टी पार कुजली होती, ती उसवून नवी लावली. वाफ दिली. कोरी करकरीत..." अप्पा बोलता बोलता थांबले.

"त्या पट्टीतच वास होता त्यांचा. आवळ्याचं तेल लावायचे."

पट्टी कचऱ्याच्या गाडीत जाऊन तीन आठवडे झाले होते. डाग काढण्यात अख्ख्या गावात अप्पांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि आज त्याच हातांची त्यांना लाज वाटली.

"चुकलं माझं, बाई."

"तुमी तर चांगलंच केलंत." कुसुमबाईंनी हॅट परत त्यांच्या हातात दिली. "न्या. नुसती हॅट घेऊन मी काय करू? खुंटीवर टांगलेली बगवायची न्हाई मला."

अप्पा दोन्ही हातांत ती धरून तसेच उभे राहिले. घालावी तरी पंचाईत, न घालावी तरी पंचाईत.

"घाला ना."

त्यांनी घातली, सगळ्या टोप्या घालत तशी, सरळ कपाळावर. कुसुमबाईंनी नकारार्थी मान हलवली. पायरी उतरून त्या पुढे आल्या. रस्त्याने माणसं जात होती, त्यांची त्यांनी पर्वा केली नाही. दोन बोटांनी उजवी कड खाली ओढली, मागे सरून पाहिलं, पुन्हा पुढे येऊन केसभर आणखी ओढली.

"अशी. शाळंला निघाले की अशी असायची," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

"उद्या हीच घालून येऊ?"

"या. पण तिरपीच."

अप्पा निघाले. चौकात कुणीतरी "शरणु शरणार्थी, अप्पा" म्हणून नमस्कार केला, त्यांनी नुसता हात वर केला. कुसुमबाई अजून दारात असतील का, हे वळून पाहावंसं फार वाटत होतं. पण वळलं असतं तर हॅट हलली असती, म्हणून ते मान ताठ धरून सरळ चालत राहिले.