माझ्या पायाखालची पायरी

मित्रांनो, आधी एक गैरसमज दूर करतो. मी पडद्याचा दांडा नाही. जाळी काढायची काठीही नाही. आणि बेव्हर्ली पार्क वसाहतीतल्या आमच्या ऑफिसात येणारा प्रत्येक दुसरा माणूस म्हणतो तशी ‘केवढी मोठी फूटपट्टी’ तर मुळीच नाही. मी एक जुना, सागवानी, चार मीटर उंचीचा लेव्हलिंग स्टाफ आहे. जमीन कुठं उंच आणि कुठं सखल, हे सांगणं माझं काम. मी सरळ उभा राहतो, समोरून कोणीतरी दुर्बिणीतून माझ्या अंगावरचा आकडा वाचतं आणि त्यावरून नाले, रस्ते, इमारती ठरतात. मला तोंड नाही. नुसते आकडे आहेत, तेही कोणी वाचले तर.

माझा जन्म रुडकीचा. तिथल्या कारागिरानं मला एकातून एक सरकणाऱ्या तीन तुकड्यांत घडवलं आणि अंगभर लाल-काळे आकडे रंगवले. आजही मी देखणा दिसतो. कोणी म्हणत नाही म्हणून स्वतःच सांगतोय. तिथून मी सुचेता मॅडमकडे आलो. मॅडम इंजिनिअर. पालिकेचे नाले, बागा, वॉर्ड ऑफिसं, झालंच तर बिल्डरांचे बिझनेस पार्क, या सगळ्यांचे नकाशे त्यांच्या ऑफिसात होतात. त्यांनी मला धर्माजींच्या हवाली केलं.

धर्माजी रत्नागिरीकडचे. हुद्दा स्टाफमन, म्हणजे मला धरून उभं राहणारा माणूस. वाटतं ना सोपं? मग भर उन्हात, नाकावर माशी बसलेली असताना, हात न हलवता पाच मिनिटं उभं राहून दाखवा. मी बोटभर कलंडलो तरी आकडा चुकतो. धर्माजींच्या हातात मी कधी कलंडलो नाही. एकदा मॅडम म्हणाल्या की, तुम्हां दोघांत लाकूड कोणतं ते लांबून कळत नाही. आम्ही दोघांनी ते कौतुक म्हणून घेतलं.

मग ऑफिसात नवीन यंत्र आलं. बटण दाबलं की ‘पिक’ असा आवाज करतं आणि उंची सांगतं. त्याला स्वतःची पेटी, पेटीला कुलूप, जेवायला चार्जिंग. मला दाराआड उभं केलं. त्यानंतर मी काय काय केलं म्हणून सांगू? कोळिष्टकं काढली. खालच्या मेडिकलवाल्याच्या छज्ज्यावर अडकलेली शटलकॉक पाडली. दर दिवाळीला आकाशकंदील टांगला. धर्माजी अधूनमधून माझ्यावर त्यांचा पंचा वाळत घालायचे, पण ते घरचे. त्यांचं मला कधी वाईट वाटलं नाही.

अशी सहा वर्षं गेली आणि आमच्याकडे एका नाल्याचं काम आलं. खाडीकडच्या एका जुन्या गावाला लागून नवीन बिझनेस पार्क होणार होता. पार्कातलं पावसाचं पाणी गावातून खाडीपर्यंत न्यायचं होतं. पार्क बिल्डरचा, नाला पालिकेचा, नकाशा आमचा. मॅडमनी ते काम मनालीला दिलं. मनाली जवळच्याच इंद्रलोक वसाहतीत राहते, चोवीस वर्षांची, हुशार, आणि हे तिचं पहिलंच स्वतंत्र काम. पार्कची बाजू तिनं उपग्रहावर चालणाऱ्या यंत्रानं मोजली. गावातल्या गल्ल्या अरुंद, वर पत्रे, तिथं उपग्रह दिसेना. म्हणून गावात तिनं पिक करणारं यंत्र घेऊन देवळाच्या पायरीपासून सुरुवात केली.

या पायरीचं आधी सांगतो. अकरा वर्षांपूर्वी मी आणि धर्माजींनी त्या पायरीची समुद्रसपाटीपासूनची उंची काढली होती. पायरीवर लाल त्रिकोण आणि खाली मीटरमधला आकडा, ३.४२०. अशी एक खूण पक्की असली की तिच्यावरून आजूबाजूचं सगळं मोजता येतं. देवळाचे ट्रस्टी काशीनाथशेठ. धर्माजींनी त्यांना तेव्हाच बजावलं होतं की ही सरकारी निशाणी आहे, मिटवू नका. काशीनाथशेठनी देवाच्या दारात तसा शब्द दिला होता.

मनालीनं त्याच खुणेवरून गाव मोजलं, नकाशा केला, पालिकेनं तो मंजूर केला. शुक्रवारी भूमिपूजन ठरलं. बुधवारी ती गल्लीत चुन्याच्या रेषा मारायला गेली आणि तिथं तिला चंपाबाई भेटल्या.

पार्कातून येणारा नाला गावात जिथं वळतो, अगदी त्या वळणावर चंपाबाईंचं घर. चुन्याची रेष बघून त्या बाहेर आल्या. म्हणाल्या, “पोरी, पानी तिकरं जात न्हाय. तिकरशी इकरं येतंय, माजे घरान.”

मनालीनं अदबीनं लॅपटॉप उघडला. पार्कापासून खाडीपर्यंत पाणी कसं उतरत जातं त्याची निळी रेघ दाखवली. चंपाबाईंनी ती नीट बघितली. मग म्हणाल्या की या मशिनीतलं पाणी शहाणं दिसतंय, आमचं तसं नाही. नाला असाच खणणार असाल तर शुक्रवारी मी खड्ड्यात बसते, नारळ माझ्या डोक्यावर फोडा.

झालं. मॅडमना फोन गेला. मॅडम म्हणाल्या, बाईंच्या समोर पुन्हा मोजून दाखवा, त्यांची खात्री पटेल. पण पिक करणारं यंत्र त्या दिवशी विरारला गेलं होतं. तेव्हा धर्माजी उठले, दाराआडून मला काढलं, माझ्यावरचा पंचा काढला आणि कपाटातून जुनी दुर्बीण आणि जुनं लेव्हल बुक, म्हणजे मोजलेल्या आकड्यांची वही, घेतलं. रिक्षात मी मावलो नाही. अर्धा बाहेर होतो, आणि केबिन रोडवरच्या समस्त जनतेला मी परत कामावर निघालोय हे दिसावं म्हणून मी काही तक्रार केली नाही.

देवळाशी आलो. लाल त्रिकोण ठसठशीत, आकडा ठसठशीत. धर्माजींनी मला खुणेवर ठेवलं आणि माझा पाय सटकला. अहो, अकरा वर्षांपूर्वी इथं खडबडीत काळा दगड होता. मी त्यावर असा घट्ट रोवून उभा होतो. आता पायाखाली आरशासारखं काहीतरी गुळगुळीत. ही ती पायरी नव्हेच. पण सांगणार कसं? धर्माजींना वाटलं, पॉलिश केलं असेल. मनालीनं दुर्बिणीतून आकडा वाचला. मग मला चंपाबाईंच्या उंबरठ्यावर नेलं, तिथला आकडा वाचला. उंबरठा पायरीपेक्षा दीड फूट खाली. तिच्या नकाशात तंतोतंत तेच होतं.

“बघा मावशी, बरोबर आहे,” मनाली म्हणाली. मी मनात कपाळावर हात मारला. कपाळ नाही आणि हातही नाही, तरी मारला.

चंपाबाई उंबरठ्यावरून हलल्या नाहीत. त्यांनी आठवण काढली की मागे तुम्ही आलात तेव्हाही हा खांब माझ्या दारात उभा केला होता, ते लिहिलंय का कुठं? होतं लिहिलेलं. तेव्हा धर्माजी गावभर मोजत होते आणि चंपाबाई माझं पण घर मोजा म्हणून मागे लागल्या होत्या. धर्माजींनी जुनं बुक उघडलं, बोट फिरवलं, आणि त्यांचा चेहरा पडला. अकरा वर्षांपूर्वी हाच उंबरठा त्या पायरीपेक्षा एकच फूट खाली होता.

मनालीनं घाबरत विचारलं की घर खचलंय का. चंपाबाई म्हणाल्या की खचलं असतं तर आधी भिंत फाटली असती, बघ कुठं फाटलीय ती. भिंतीला साधा तडा नव्हता.

तेवढ्यात काशीनाथशेठ प्रसादाचा शिरा घेऊन आले. धर्माजींना बघून त्यांना कोण आनंद. विचारलं, कशी वाटली नवीन पायरी? गेल्या वर्षी वर्गणी काढून जुन्या दगडावर कोबा केला, वर ग्रेनाइट टाकला, चांगली सहा इंच उचलली. धर्माजींनी खुणेकडे बोट दाखवलं. काशीनाथशेठ अभिमानानं म्हणाले, “तुमीच सांगितलंत ना, सरकारी निशानी हाय, मिटवू नका. आमी मिटवली न्हाय. जशीच्या तशी वर घेतली. आकडा पन तोच.”

माणसानं इतक्या निष्ठेनं शब्द पाळलेला, त्याच्यावर चिडणार तरी कसं? पायरी सहा इंच वर गेली, आकडा तोच राहिला, म्हणजे कागदावर अख्खं गाव सहा इंच खाली गेलं. नकाशात पार्कचं पाणी वळणावर चार इंच उतरत होतं. प्रत्यक्षात त्याला दोन इंच चढायचं होतं. पाणी काही चढत नाही. ते चंपाबाईंच्या घरात जाऊन बसलं असतं.

मनाली त्याच ग्रेनाइटवर बसली. डोळे भरून आले होते. पहिलं काम, मंजूर नकाशा, दोन दिवसांवर भूमिपूजन. गप्प राहिली असती तर निदान पावसाळ्यापर्यंत कोणाला कळलं नसतं. धर्माजी शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, “चूक माझी आहे. मिटवू नका म्हटलं. हलवू नका म्हणायचं राहिलं.”

तिनं फोन लावला. मॅडमनी एवढंच विचारलं, किती. ती म्हणाली, सहा इंच, आणि पाणी चंपाबाईंच्या घराकडे. मॅडम म्हणाल्या, नकाशा परत घे. पालिकेत काय ते मी बोलते.

भूमिपूजन मात्र शुक्रवारीच झालं. पाहुणे ठरलेले, मांडव घातलेला, आणि नारळ फोडायला लेव्हल लागत नाही. खोदकाम तीन आठवड्यांनी सुरू झालं, गावातला नाला सहा इंच जास्त खोल धरून. मधल्या काळात मनालीनं पायरीवर नवा आकडा स्वतःच्या हातानं रंगवला आणि काशीनाथशेठना म्हणाली, पुन्हा काही वर घेतलंत तर आधी मला फोन करा. त्यांनी लगेच तिचा मोबाइल नंबर त्रिकोणाखाली लाल ऑइल पेंटनं लिहून घेतला. आता रोज तिला कोणी ना कोणी आरती किती वाजता म्हणून विचारतं. तिला वेळ पाठ झालीय.

नाला पुरा झाला त्या दिवशी मनाली शेवटची सही करायला गेली. सोबत धर्माजी आणि मी. चंपाबाई बादली घेऊन वळणावर उभ्याच होत्या. कोणाला न विचारता त्यांनी ती नाल्यात ओतली. पाणी वळणावर थबकलं. मनालीनं पेनाला टोपण घातलं. मग पाणी हळूच हललं, वळलं आणि खाडीच्या दिशेनं निघालं. चंपाबाई बादली उपडी घालून तिच्यावर बसल्या आणि शेवटचा ओघळ दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आता कर तुजी सही.”

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हांला सगळेच सांगतात. मीही सांगतो, मला दाराआड टाकू नका, माझं लाकूड पुसत जा. पण काशीनाथशेठनी खूण जपलीच होती की, अगदी मनापासून. तेव्हा जपताना एकदा विचारत जा, हे इथं कशासाठी आहे. आणि नकाशा काढून झाला की, जिच्या दारावरून पाणी जाणार आहे तिच्या उंबरठ्यावर जाऊन उभे राहा. मी राहिलोय. तिथून चढ-उतार बरोबर कळतो.