डुलकी

थोरलीने पॉलिशच्या खोलीचं दार आतून ओढून घेतलं आणि ती मालकासमोर स्टुलावर बसली. तिचा धाकटा भाऊ शिडीवरून कुठे पडला ते दाखवायला मालकानेच तिला आत आणलं होतं.

"दार कशाला लावलंत?"

"तुम्हीच लावून घेता ना, ओल्या पॉलिशवर धूळ बसते म्हणून? बोला."

बाजूला ताजं पॉलिश चढवलेली कपाटं ओली चकाकत होती, त्यांचा उग्र वास खोलीत कोंडला होता. भिंतीवरचा पंखा बंद पडून महिने झाले होते. धाकट्याच्या मनगटाचा चुरा झाला होता, आणि प्लास्टर वाळायच्या आत त्याला कामावरून काढलं होतं.

"डुलकी लागली त्याला," मालक म्हणाला. "तरुण पोरं, मोबाइल बघत जागतात. त्याला मी काय करणार?"

"डुलकी आपली आपल्याला येते. ही गुंगी होती. ती कुणीतरी आणतं."

"शब्दांत काय आहे, ताई?"

 ती दात आवळून बसून राहिली. मालक शिस्तीबद्दल बोलला, कामगार मिळत नाहीत याबद्दल बोलला. मग त्याची वाक्यं मध्येच तुटायला लागली. त्याने कपाळ चोळलं. हनुवटी छातीवर टेकली आणि दचकून वर आली. तिचंही डोकं ठणकत होतं. मालकाला असं बघून बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. उलट संताप आणखी चढला. एवढ्याशा वेळात ह्याची ही गत, आणि तिचा भाऊ दिवसभर इथे उभा राहायचा.

मालक धडपडत उठला, दार उघडून चौकटीला धरून उभा राहिला.

"डुलकी?" तिने विचारलं.

"पंखा आजच दुरुस्त करून घेतो. त्यालाही परत घेतो."

"ते कराल. आधी ह्यांना सांगा, त्याला काय झालं होतं."

बाहेर कामगार हात थांबवून बघत होते. 'झोपला होता' असं मालक म्हणाला तेव्हा खाली मान घालून गप्प बसलेले हेच सगळे. तिचा राग त्यांच्यावरही होता.

मालक बुटांकडे बघत पुटपुटला, "गुंगी आली होती त्याला."

 मग कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या पॉलिशवाल्याने हातातला बोळा खाली ठेवला.

"ऐकू नाही आलं, मालक," तो म्हणाला.