दसऱ्याचे खोबरेल आणि माझा ब्रेक

मी एक जुनी मोटार आहे. चौलच्या तात्यांच्या वाडीत, नारळी-पोफळीच्या सावलीत माझे घर आहे. मित्रांनो, माझा उडालेला रंग पाहून हसू नका. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मी कारखान्यातून बाहेर पडले, तेव्हा माझ्या चकचकीत मडगार्डात पाहून लोक भांग पाडत असत!

तात्यांनी मला मुंबईहून आणले. मी रस्त्याने निघाले की रेवदंड्याची पोरे मागे धावत. तात्या रोज माझे दिवे पुसत, भोंगा घासत. पण सारे कौतुक दिसेल तेवढ्याचेच. चालकाच्या पायाखाली, चटईखाली माझी एक लहानशी टाकी आहे. तिच्यात ब्रेकचे तेल असते. पेडल दाबले की ते तेल नळ्यांतून चाकांपर्यंत जोर पोहोचवते आणि मी थांबते. तिच्याकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहत नसे.

एका दसऱ्याला तात्यांनी मला धुऊन-पुसून झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मग काय सुचले कोण जाणे, त्यांनी चटई उचलली. टाकी निम्मी रिकामी! ब्रेकचे तेल मुंबईहून आणावे लागे. तात्या घरात गेले आणि बरणी घेऊन आले.

"सणाच्या दिवशी घरचं ताजं खोबरेल!" ते म्हणाले. "बाजारचं कशाला? तेल ते तेल."

मी ओरडलेच असते, पण माझा भोंगा तात्यांच्या हातात! पुढेही टाकीतले तेल उतरले की खोबरेलच पडू लागले. उबेच्या दिवसांत काही बिघडले नाही. तात्या खूष होते.

मग पौषातली थंडी आली. तात्यांची लेक प्रमोदिनी हिची मुंबईच्या एका शाळेत मुलाखत होती. शिक्षिका व्हायचा तिने ध्यास घेतला होता. रेवसच्या धक्क्यावरून मुंबईला जाणारी सकाळची लाँच चुकली की मुलाखतही चुकणार होती. त्या पहाटे बरणीतले खोबरेल थिजून पांढरे झाले. प्रमोदिनीने केसांना लावण्यापुरते ते चुलीजवळ ठेवून पातळ केले. माझ्या पोटातल्या खोबरेलाची आठवण कुणालाच झाली नाही.

वाटेत पेडल जड लागू लागले. "थंडीने आखडलंय," असे म्हणत तात्या गिअरवरच मला सावरत राहिले. रेवसच्या धक्क्याचा उतार लागला तेव्हा त्यांनी पाय दाबला, तर पेडल लाकडासारखे घट्ट! समोर लाँच आणि पाणी. भीतीने माझे सगळे पत्रे खडखडू लागले.

"तात्या, थांबवा गाडी!" धक्क्यावर जाळी आवरणारा काळूराम कोळी ओरडला.

"थांबत नाही रे!"

"मंग आमच्या जाळ्यांवर घाला! बाजूला व्हा रं समदी!"

तात्यांनी हातब्रेक खेचला, चाक वळवले आणि मी जाळ्यांच्या ढिगात नाक खुपसून थांबले. शेजारची सुक्या बोंबलांची टोपली उडून थेट प्रमोदिनीच्या मांडीवर आली.

"ताई, पळा!" काळूराम म्हणाला. "मी लाँच थांबवतो, ती न्हाय जात!"

लाँच मिळाली. "रेवसहून आलात वाटतं?" मुलाखतीत मुख्याध्यापिकेने नाकाला पदर लावून विचारले म्हणे. प्रमोदिनीने सारी हकिगत इतकी रंगवून सांगितली की त्या हसून हसून बेजार झाल्या. नोकरी पक्की झाली.

इकडे अलिबागच्या शिवदास मिस्त्रीने माझे ब्रेक उघडले. आतली रबरे खोबरेल पिऊन भज्यांसारखी फुगली होती. त्याने नवी बसवली, नळ्या स्पिरिटने धुतल्या, ब्रेकचे खरे तेल भरले. तात्या पेडल दाबत आणि शिवदास चाकापाशी नळ्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे बाहेर काढी. शेवटी चालवून पाहताना पेडल दाबताच मी जागच्या जागी उभी राहिले. काय आनंद झाला म्हणून सांगू!

आता दर दसऱ्याला प्रमोदिनी घरी येते आणि हाराच्या आधी चटई उचलते. तात्या ब्रेकच्या तेलाचा सीलबंद डबा पुढे करतात.

"काय तात्या, तेल ते तेल ना?" ती चिडवते.

"खोबरेल तुझ्या केसांना, बाई!" म्हणत तात्या नारळ फोडतात. पहिला तुकडा काळूरामसाठी बाजूला निघतो.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीला हार जरूर घाला. पण आधी वाकून ब्रेकच्या तेलाची टाकी बघा आणि तिचे तेल तिलाच द्या. धक्क्यावर दर वेळी काळूरामची जाळी पडलेली नसतात.