दोन टिचक्यांचा आठवडा

बोईसरच्या रंगाच्या कारखान्यात रुचिताला तीन दिवस कामावर पारखून घेणार होते आणि आज तिसरा दिवस. पसंत पडली तर स्टोअरची खुर्ची तिची, नाहीतर घरी. आणि नेमका आजच माउस बंद पडला.

स्टोअरचे जुने माणूस ललितभाई दुसरा माउस आणायला निघाले, तर ती म्हणाली, राहू द्या. शिरगावच्या क्लासमध्ये सहा कॉम्प्युटरांत मिळून एक माउस होता आणि तो हिच्या वाट्याला कधी आलाच नाही. त्यामुळे ही पोरगी सगळं बोटांनीच शिकली.

तेवढ्यात मॅनेजर धर्मेश साहेब धापा टाकत आले. वीस निळे ड्रम सापडत नव्हते आणि न्यायला आलेली गाडी दारात उभी. बॅच नंबर शोधून झाला होता, तो कॉम्प्युटरवरच्या यादीत नव्हताच.

रुचिताने वरपासून पाहायला घेतलं. कंट्रोलची कळ दाबून खालचा बाण मारला, की कर्सर उडी मारून कोऱ्या ओळीच्या अलीकडे थांबतो. पुन्हा मारला की पलीकडे. ललितभाईंची पद्धत अशी, की कारखान्याच्या शुक्रवारच्या सुट्टीला एक ओळ कोरी सोडायची. सुट्टीलाही मान हवा ना! म्हणजे दोन टिचक्या मारल्या की एक आठवडा सरायचा. टकटक, टकटक. जून गेला, जुलै गेला. बोटांना ठेका सापडला आणि तिला चक्क मजा वाटायला लागली. साहेब बघतच राहिले.

ऑगस्टात ठेका चुकला. कर्सर मध्ये थांबलाच नाही, दोन आठवडे एका दमात गेला. रुचिता पुन्हा वर चढली. एका शुक्रवारची ओळ भरलेली होती: 'निळे वीस, मागच्या शेडात.' नंबर नाही, काही नाही.

ललितभाईंनी कपाळावर हात मारला. गुरुवारचा माल लिहायचा राहिला होता. शनिवारी आठवला, जागा रिकामी दिसली, टाकला तिथेच. पण चूक पकडली म्हणून रागवायचं सोडून त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"पोरी, ही टकटक मला पन शिकव."

ड्रम मिळाले, गाडी भरली आणि साहेबांनी रुचिताला कायम केलं. तिने लगेच आईला फोन लावला. इंदुबाई बाजारात सुके बोंबील विकत होती. बातमी ऐकून तिने आधी शेजारच्या नलूला हाक मारली.

"नलू, माजी पोर कायम झाली गो. जरा माज्या गिऱ्हाइकाला तूच दे, मला पोरीशी बोलू दे."

रुचिताने फोन तसाच कानाला धरून ठेवला.