डावीकडची सावली

"उजवा डोळा हाताने झाक. माझ्या नाकाकडे बघ. बोट दिसलं की सांग."

आसावरीने आपलं बोट नवऱ्याच्या, परीक्षितच्या डाव्या कानापासून हळूहळू पुढे आणलं. फिजिओच्या खोलीत ते दोघंच होते. भिंतीपलीकडे मोठ्याने संगीत लागलं होतं. सेमीफायनल सुरू व्हायला अर्धा तास होता. बोट जवळजवळ त्याच्या नाकासमोर आलं, तेव्हा तो म्हणाला, "आता दिसला."

तिने हात खाली घेतला. मिल्टन कीन्समधल्या एका चष्म्याच्या दुकानात ती रोज वीस जणांचे डोळे तपासायची. आज सकाळी जिना उतरताना परीक्षितचा डावा खांदा भिंतीवर आपटला, तेव्हाच तिला शंका आली होती. तिने विचारल्यावर तो बॅग उचलून निघून आला, म्हणून ती त्याच्या मागोमाग इथे पोचली होती.

"कधीपासून?"

"थर्सडे. प्रॅक्टिसमध्ये एल्बो लागला. थोडा सावली आहे फक्त. बाकी माझी डोळा ठीक आहे."

"पडदा सुटतोय डोळ्याच्या आतला, रेटिना. मी ऑक्सफर्डच्या हॉस्पिटलला फोन केलाय, ते थांबलेत. आत्ता निघायचं."

परीक्षितने बुटाची नाडी बांधायला घेतली. तो बत्तीस वर्षांचा होता, इंग्लंडमध्येच वाढलेला; मराठी बोलताना त्याचे 'तो', 'ती', 'ते' नेहमी चुकायचे. बास्केटबॉलच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये याच क्लबकडून अकरा सीझन खेळला होता आणि त्यातले चार कॅप्टन म्हणून. सकाळी शाळांमध्ये पीटी शिकवायची, संध्याकाळी प्रॅक्टिस, शनिवार-रविवारी कुठल्यातरी गावाच्या क्रीडासंकुलात तीनेकशे लोकांसमोर सामना. वर्तमानपत्रं त्याचं आडनाव दर वेळी वेगळं छापत. अकरा वर्षांत त्याचा संघ एकदाही फायनलला गेला नव्हता.

तो म्हणाला, दोन तासांचा प्रश्न आहे. सामना संपला की तसाच गाडीत बसतो.

"सावली मध्यापर्यंत आली तर गेलेली नजर परत येईलच असं नाही," आसावरी म्हणाली. "दोन तासांत येईल की दोन दिवसांत, ते मला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही. कोचला मी काही सांगणार नाही. तुझा डोळा आहे, तू सांग."

ती बाहेर जाऊन दाराजवळच्या बाकावर बसली. कोट तिने काढला नाही. गाडीची किल्ली हातातच होती.

पहिल्या हाफमध्ये कुणाच्या काही लक्षात आलं नाही. परीक्षित मान डावीकडे वळवून खेळत होता. कोच ग्रॅहमने एकदा विचारलं, मान आखडली का? तो हो म्हणाला. मध्यंतराला ते पाच गुणांनी पुढे होते.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये मार्कस डाव्या बाजूने मोकळा धावत आला आणि हात वर करून ओरडला. परीक्षितने आवाजाच्या रोखाने पास दिला. बॉल मार्कसच्या पाठीमागून कोर्टाबाहेर गेला. थोड्या वेळाने तसंच पुन्हा झालं. मार्कस नुसता बघत राहिला. सहा वर्षं एकत्र खेळताना परीक्षितचा असा पास त्याने पाहिला नव्हता.

सामन्याची तीन मिनिटं उरली असताना परीक्षितला दोन फ्री थ्रो मिळाले. आघाडी एका गुणाची होती. रेषेवर उभं राहून त्याने घाम पुसायच्या निमित्ताने उजवा डोळा झाकला. समोर रिंगची उजवी कड दिसत होती. डावी नव्हती. जिथे ती असायला हवी होती तिथे करडा अंधार होता.

त्याने हात काढला आणि दोन्ही बॉल टाकले. दोन्ही आत गेले. लोक उठून उभे राहिले. परीक्षित मात्र बचाव करायला मागे धावलाच नाही. तो कोचकडे बघून हाताने खूण करत राहिला, मला बाहेर घ्या.

बाहेर आल्यावर त्याने खरं ते सांगितलं. ग्रॅहमने विचारलं, कधीपासून? मग हलक्या आवाजात म्हणाला की हे मला गुरुवारी कळायला हवं होतं. आसावरी तोवर दारात उभी होती.

ऑक्सफर्डच्या वाटेवर, बकिंगहॅमच्या अलीकडे मार्कसचा फोन आला. दोन गुणांनी जिंकलो. परीक्षितने "गुड" म्हटलं आणि फोन मांडीवर ठेवला. आसावरीने रस्त्यावरची नजर काढली नाही. तो घामेजल्या जर्सीतच बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. सावली मध्यापर्यंत पोचली होती. डॉक्टर म्हणाले, पडदा चिकटेल, पण नजर किती येईल ते काही महिन्यांनी कळेल. बास्केटबॉल मात्र संपला. आणि डोळ्यात भरलेला गॅस पडद्यावर दाबून राहावा म्हणून आठवडाभर तोंड खाली करून पडून राहायचं.

पुढच्या रविवारी फायनल होती. वेम्बलीहून त्याची आई वैजयंतीबाई राहायला आली होती. तिने आसावरीला बळेच पाठवलं. "तू जा. याला काय ते फोनवर सांग, नाहीतर हा उठून बसेल."

फोन कार्पेटवर, परीक्षितच्या तोंडाखाली होता. आसावरीला खेळातलं फारसं कळत नव्हतं. दिसेल ते ती सांगत होती. उंच माणूस पडला. मार्कसला शिट्टी वाजली. शेवटी हॉलमध्ये मोठा गलका झाला आणि ती बोलायची थांबली.

"कुणाचा?" त्याने विचारलं.

"त्यांचा. संपलं, परीक्षित. एका बास्केटने."

तो मग म्हणाला, "हात मिळवायला रांग केली का?"

"हो, करतायत."

"पुढे कोण आहे, कॅप्टनच्या जागी?"

"कुणीच नाही. मार्कसने पुढची जागा रिकामी सोडलीय."

"तू उभी राहा तिथे. फोन बंद नको करू."

बुटांचे आवाज आले, मग कोटाची सळसळ. मग आसावरीचा आवाज, जरा संकोचलेला, "वेल प्लेड." पुन्हा, "वेल प्लेड." परीक्षित डोळे मिटून ऐकत होता, आणि प्रत्येक वेळी तिच्यामागून तेच शब्द हळूच म्हणत होता.